१४.२, १४.५ की १४.७: दाबाच्या एककांच्या रूपांतरकाच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च

आजपासून काम सुरू. प्रयोगशाळेतल्या जुन्या चाचण्यांच्या नोंदी, काही वह्यांत आणि काही एक्सेलच्या तक्त्यांत, एका डेटाबेसमध्ये आणायच्या आहेत. नवे डिजिटल सेन्सरही त्यालाच जोडायचे. जुन्या नोंदींत दाब नऊ प्रकारे लिहिलेला सापडला: पास्कल, बार, पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), किलो प्रति चौरस सेंटीमीटर, अ‍ॅटमॉस्फियर, टॉर, मिलिमीटर पारा, मिलिमीटर पाणी, इंच पारा. सरांना सांगितलं, गुणाकारच तर करायचाय, चार दिवस पुरेत.

संध्याकाळी एका तक्त्यातली सूत्रं उघडून पाहिली. पीएसआयमध्ये आणायला एका रकान्यात १४.५ ने गुणलंय, शेजारच्या रकान्यात १४.७ ने, आणि तिसऱ्यात १४.२ ने. तिन्ही रकान्यांवर मथळा एकच, ‘दाब’. आधी वाटलं टायपिंगची चूक असेल. तसं नाही, तिन्ही आकडे खरे आहेत. एक बार म्हणजे १४.५०३८ पीएसआय. एक अ‍ॅटमॉस्फियर म्हणजे १४.६९५९. एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे १४.२२३३. कोणत्या रकान्यात मूळ आकडा कशातला होता, तेवढं मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही.

४ मार्च

रचना ठरली. प्रत्येक एकक आधी पास्कलमध्ये न्यायचं आणि तिथून हव्या त्या एककात. नऊ एककांचे थेट गुणक लिहायचे तर ७२ लागतात आणि त्यातला एक चुकला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पास्कलमार्गे नऊच लागतात, त्यातला पास्कलचा तर १ आहे.

गुणक कुठूनही उतरवून घ्यायचे नाहीत, व्याख्येपासून काढायचे, असा नियम स्वतःला घालून घेतलाय. एकदा पीएसआयचा काढून बघू. पौंड म्हणजे नेमका ०.४५३५९२३७ किलोग्रॅम आणि इंच म्हणजे नेमका २५.४ मिलिमीटर, दोन्ही १९५९ पासून. प्रमाण गुरुत्वत्वरण ९.८०६६५, हे १९०१ मध्ये ठरलं. पौंडाला त्याने गुणलं की ४.४४८२२१६१५२६०५ न्यूटन. चौरस इंच म्हणजे ०.०००६४५१६ चौरस मीटर. भागाकार केला की ६८९४.७५७२९३… पास्कल. यात मोजून काढलेलं काहीच नाही, सगळं ठरवलेलं आहे. म्हणून कोडमध्ये भागाकारच ठेवला, त्याचं उत्तर नाही. पुढे कोणी वाचलं तर आकडा आला कुठून ते तिथेच दिसेल.

बाकीचे पटापट झाले. बार: नेमके १,००,०००. किलो प्रति चौरस सेंटीमीटर: नेमके ९८,०६६.५. अ‍ॅटमॉस्फियर: नेमके १,०१,३२५, हा १९५४ च्या वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेतला. टॉर म्हणजे त्याचा ७६० वा भाग. पास्कल हे नाव या सगळ्यांत उशिरा आलेलं, १९७१ चं.

बार, किलो आणि अ‍ॅटमॉस्फियर हे तिघे एकमेकांना इतके खेटून आहेत की घोळ होणारच. ०.९८, १.०० आणि १.०१३. यांत दहापट फरक असता तर चूक लगेच डोळ्यांत खुपली असती.

७ मार्च

चार दिवसांचा अंदाज आज संपला.

नवा सेन्सर हातपंपाच्या चाचणी-बाकावर जोडला, शेजारी जुना डायल गेज, म्हणजे काट्याचा दाबमापक. काटा ६ वर असताना सेन्सर ५.८८ बार दाखवतोय. सहकारी म्हणाला, “अगं, हा दोन टक्के कमी दाखवतोय, स्पॅन वाढव.” जुना गेज वर्षानुवर्षं बरोबर चालत आलाय आणि सेन्सर कालपरवा खोक्यातून निघालाय, तेव्हा संशय कोणावर घ्यायचा हा प्रश्नच नव्हता. स्पॅन, म्हणजे सेन्सरचं वाचन ज्या पटीत मोठं-छोटं करतात ती जुळणी, १.९७ टक्क्यांनी वाढवला. आता दोघेही ६.

११ मार्च

आजची नोंद मोठी आहे, आणि चूक माझी आहे.

बाकावर दुसरा गेज लावला, नुसत्या पीएसआयचा. काटा ६० वर आणला. ६० पीएसआय म्हणजे ४.१३७ बार. सेन्सर म्हणतो ४.२२. चार दिवसांपूर्वी दोन टक्के कमी दाखवणारा आता दोन टक्के जास्त दाखवू लागला. सेन्सरच्या प्रमाणपत्रावर चूक पाव टक्क्याच्या आत असल्याचं लिहिलेलं होतं. तो कागद मी तेव्हा उघडलाच नव्हता.

स्पॅन मूळ जागी आणला, पीएसआयच्या गेजशी सेन्सर लगेच जुळला. पुन्हा जुना गेज लावला. या वेळी रीत बदलली: काटा बरोबर रेघेवर आणायचा आणि आकडा सेन्सरवर वाचायचा. दोन रेघांच्या मध्ये अडकलेल्या काट्याचा अंदाज बांधण्यापेक्षा हे बरं. काटा २ वर, सेन्सर १.९७. ४ वर ३.९२. ६ वर ५.८९. ८ वर ७.८४. शून्यावर शून्य.

इथे थोडं थांबून लिहून ठेवते, कारण यातून शिकायला मिळालं. गेज १.६ वर्गाचा आहे, कमाल दाब १०. म्हणजे त्याला कुठेही ०.१६ पर्यंत चुकायची मुभा आहे. यातला एकेक फरक सुटा पाहिला तर त्या मुभेत बसतो, म्हणून सहा वरच्या एकट्या वाचनावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. पण फरक दाबाबरोबर वाढत जातोय: ०.०३, ०.०८, ०.११, ०.१६. शून्य सरकलेलं असतं तर फरक सगळीकडे सारखाच राहिला असता. स्प्रिंग थकली असती तर तो इतका सरळ रेषेत वाढेलच असं नाही. हा फरक गुणकाचा आहे, आणि ०.९८ हा गुणक माझ्याच कोडमध्ये चार ओळी वर लिहिलेला होता.

मग तबकडी भिंगाखाली धरली. आतल्या काळ्या पट्टीवर ० ते १०, बाहेरच्या लाल पट्टीवर पीएसआय. मधोमध एकक छापलेलं होतं, पण पुसून पुसून त्याचं नुसतं डागासारखं काहीतरी उरलंय. एकक गेलं तरी पट्ट्या शाबूत होत्या. आतल्या ६ समोर बाहेर काय येतं? ६ बार असते तर ८७ आलं असतं. ६ किलो असते तर ८५.३. रेघ ८५ ला किंचित ओलांडून थांबली होती. ८७ पासून ती चांगलीच लांब.

म्हणजे सगळे जण ज्याला ‘बार’ म्हणत आले तो गेज किलो प्रति चौरस सेंटीमीटरचा आहे. सेन्सर पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता आणि मी त्याला खोटं बोलायला लावलं. ७ ते ११ मार्चमधली त्या बाकावरची सगळी वाचनं १.०१९७ ने भागून दुरुस्त केली आणि प्रत्येकीला तसा शेरा जोडला.

१२ मार्च

आयातीच्या कोडमध्ये एकक लिहिलेलं नसेल तर ‘बार’ धरायचं अशी मीच घातलेली एक ओळ होती. काढून टाकली. एकक नसेल तर नोंद बाजूला ठेवायची.

नुसतं ‘केजी’ लिहिलेलं असेल तर ते किलो प्रति चौरस सेंटीमीटर धरलंय. कारखान्यात आणि बाकावर बोलताना सगळे तसंच म्हणतात आणि दाबाच्या रकान्यात त्याचा दुसरा अर्थ निघत नाही.

१४ मार्च

निर्वात पंपाची चाचणी. कालपर्यंत फक्त गुणाकार होता, आजपासून बेरीज आली.

व्हॅक्यूम गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत वाचतो. बाहेरच्या दाबाइतका दाब आत असेल तर शून्य, त्याहून कमी असेल तर उणे. निरपेक्ष दाब, म्हणजे पूर्ण निर्वातापासून मोजलेला, हवा असेल तर त्यात वातावरणाचा दाब मिळवायचा. जुन्या तक्त्यात सगळीकडे ७६० मिलिमीटर पारा, म्हणजे समुद्रसपाटीवरचा दाब, मिळवलेत. पण आज आमचा बॅरोमीटर ९४८ हेक्टोपास्कल (एक हेक्टोपास्कल म्हणजे शंभर पास्कल) दाखवत होता, म्हणजे ७११ मिलिमीटर पारा. जागा समुद्रसपाटीहून वर असली की असंच होणार. १६४८ च्या सप्टेंबरात शास्त्रज्ञ पास्कलच्या मेहुण्याने, पेरिएने, पाऱ्याची नळी फ्रान्समधल्या पुय द दोमच्या डोंगरावर नेली तेव्हा पारा त्या काळच्या फ्रेंच मापाने तीन इंचांहून थोडा जास्त उतरला होता. पावणेचारशे वर्षं ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी तक्त्यात ७६० च.

पंप चालू केला. काटा उणे ७३० वर जाऊन स्थिरावला. प्रोग्रामने ७११ मधून ७३० वजा केले आणि लाल अक्षरांत सांगितलं: निरपेक्ष दाब उणे १९, अशक्य. कोड चुकला असं धरून तासभर कोडच वाचत बसले. चूक मिळेना. शेवटी पंप बंद करून गेज उघडा केला, दोन्ही बाजूंना तीच हवा. काटा शून्यावर यायला हवा होता, तो उणे २५ वर थांबला. टिचकी मारली तरी हलेना.

तर खरं वाचन उणे ७०५ आणि निरपेक्ष दाब ६ मिलिमीटर पारा.

मी तक्त्यातलेच ७६० वापरले असते तर? ७६० वजा ७३० म्हणजे ३० मिलिमीटर. दिसायला एकदम सभ्य आकडा. प्रोग्रामने काही कुरकुर केली नसती, काटा सरकलेला आहे हे कळलंच नसतं, आणि अहवालात ३० छापून गेलं असतं. फरक किरकोळ नाही. ३० मिलिमीटरला पाणी २९ अंश सेल्सिअसला उकळतं, ६ ला ४ अंशांच्या आसपास. चाचणीच्या भांड्यातला ओलावा जाईल की राहील, हे यावरच ठरतं.

१५ मार्च

कालच्यावरून रचना बदलली. प्रत्येक दाबाबरोबर एकक तर हवंच, शिवाय तो कशाच्या तुलनेत आहे तेही हवं: निरपेक्ष, गेज, की दोन जागांमधला फरक. ही माहिती एककाच्या शेपटाला चिकटवायची नाही असं ठरवलं. पीएसआय-जी (गेज), पीएसआय-ए (निरपेक्ष), बार-जी असं सगळे लिहितात आणि आयातीत मी ते वाचूनही घेते, पण आत साठवताना एकक वेगळं आणि प्रकार वेगळा. बार हा बारच असतो. गेज असतो तो दाब.

गेजवरून निरपेक्षावर जायचं तर त्या वेळचा वातावरणीय दाब द्यावाच लागेल. दिला नाही तर फंक्शन चालणार नाही. गुपचूप १०१३.२५ हेक्टोपास्कल धरून पुढे जायची सोय मुद्दाम ठेवलेली नाही. सहकारी कुरकुरला, प्रत्येक वेळी कोण बॅरोमीटर बघणार? बॅरोमीटर आपोआप वाचला जाईल अशी सोय पुढच्या आठवड्यात करायची आहे.

फरकाच्या दाबात वातावरण मिळवायचंच नाही. फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे ५० मिलिमीटर पाणी फरक आहे, त्यात कोणी १०,३३२ मिळवून बसलं तर काय होईल? काही होणार नाही, एक मूर्ख आकडा तयार होईल. आता प्रोग्रामच ते करू देत नाही.

जुन्या निर्वात नोंदींचा प्रश्न उरतोच. त्या दिवशीचा बॅरोमीटर कोणी लिहिलेला नाही. हवा बदलते तसा इथला दाब दहाएक हेक्टोपास्कल इकडेतिकडे होतो, म्हणजे सातआठ मिलिमीटर पारा. आणि इथे तर अख्खं उत्तरच सहा मिलिमीटर. म्हणून या नोंदी गेज म्हणूनच ठेवल्या, निरपेक्षाचा रकाना रिकामा.

१८ मार्च

सकाळी एक चाचणी नापास. ७६० मिलिमीटर पारा बरोबर एक अ‍ॅटमॉस्फियर, अशी तपासणी मी लिहिली होती. उत्तर आलं १,०१,३२५.०१४४ पास्कल. हे ०.०१४४ आलं कुठून?

टॉर आणि मिलिमीटर पारा एकच, असं मी गृहीत धरलं होतं. ते एक नाहीत. टॉर म्हणजे अ‍ॅटमॉस्फियरचा ७६० वा भाग, १३३.३२२३६८ पास्कल. रूढ मिलिमीटर पारा वेगळ्या वाटेने येतो: पाऱ्याची घनता १३,५९५.१ किलोग्रॅम प्रति घनमीटर धरायची, ९.८०६६५ ने गुणायचं, उंची एक मिलिमीटर. उत्तर १३३.३२२३८७. दोघांत फरक सत्तर लाखांत एक.

हा फरक किती म्हणजे किती, हे बोटावर मोजायचं ठरवलं. एक मीटर वर गेलं की हवेचा दाब साधारण १२ पास्कल कमी होतो. म्हणजे ०.०१४४ पास्कल ही सव्वा मिलिमीटर उंचीच्या हवेची करामत. बॅरोमीटरखाली जाड पुठ्ठा सरकवला तरी एवढा फरक पडेल.

तरीही दोन्ही एककं वेगळी ठेवली. फरक कुणाच्या उपयोगाचा आहे म्हणून नव्हे, तर एकात दुसरं मिसळलं की पुढे कोणीतरी माझ्यासारखाच अर्धा दिवस ०.०१४४ शोधत बसेल म्हणून. तपासणीही बदलली: बरोबर असण्याऐवजी दशलक्षात एक इतकं जवळ असलं तरी चालेल.

जिथे खरंच लक्ष द्यायला हवं ती जागा दुसरीच आहे. वहीतली जुनी वाचनं खऱ्या पाऱ्याच्या नळीवरची आहेत, आणि रूढ मिलिमीटर हा शून्य अंशावरच्या पाऱ्याचा. खोलीत २५ अंश असताना पारा फुगलेला असतो, पितळी पट्टीही थोडी लांबलेली असते. दोन्ही धरून ७६० मिलिमीटरमागे सुमारे ३.१ मिलिमीटर जास्त वाचलं जातं. पास्कलमध्ये चारशेच्या वर. व्याख्येतल्या फरकापेक्षा हा अठ्ठावीस हजार पटींनी मोठा, आणि तो दुरुस्त करणारी एकही ओळ जुन्या तक्त्यात नाही. वहीत मात्र प्रत्येक वाचनाशेजारी बारीक अक्षरांत खोलीचं तापमान लिहिलेलं आहे! ज्याने लिहिलं त्याला हे माहीत होतं. तक्त्यात उतरवणाऱ्याने तो रकाना गाळला.

तापमानं पुन्हा वहीवरून भरतेय. दोन दिवस जातील.

पाण्याच्या मिलिमीटरचंही तसंच आहे. रूढ किंमत ९.८०६६५ पास्कल, म्हणजे घनता नेमकी १,००० धरून. चार अंशांचं खरं पाणी धरलं तर ९.८०६३८. काही ठिकाणी इंच पाणी हे ६० अंश फॅरनहाइटचं असतं, तेव्हा २४९.०९ ऐवजी २४८.८४ पास्कल येतात. आमच्या नोंदींत हजारात एकाच्या या फरकाने काही बिघडत नाही. पुढे गेले.

२१ मार्च

छोटा एम आणि मोठा एम. रोमन लिपीत मेगापास्कलचा एम मोठा, मिलिपास्कलचा छोटा. आयातीच्या कोडमध्ये पहिलीच पायरी, सगळी अक्षरं छोटी करून घ्यायची, कारण लोक कसंही लिहितात. तर ०.६ मेगापास्कल, म्हणजे आपले ६ बार, हे ०.६ मिलिपास्कल होऊन बसले. एक अब्ज पटीची चूक, आणि ती झाली एका स्वच्छतेच्या ओळीमुळे. गंमत अशी की मोठी चूक लगेच सापडली, आलेखात ठिपका थेट तळाला जाऊन बसला. त्या दोन टक्क्यांना चार दिवस लागले होते.

छोटी करायची पायरी काढली. आता जसं लिहिलंय तसंच वाचायचं, आणि सगळं छोट्या किंवा सगळं मोठ्या अक्षरांत आलं तर अर्थ लावायचा नाही, विचारायचं.

२२ मार्च

एका सहकारिणीने आवाजाच्या मापनासाठी डेसिबल मागितलं. नाही म्हटलं. तोही दाबच, पण २० मायक्रोपास्कलशी असलेल्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम. ९४ डेसिबल म्हणजे साधारण एक पास्कल, पण १८८ डेसिबल म्हणजे दोन पास्कल नव्हेत. गुणकांच्या टेबलात त्याला जागा नाही. हवं तर वेगळं फंक्शन लिहून देईन.

२५ मार्च

बॅरोमीटरचा सेन्सर आला, बीएमपी२८०. पहिलंच वाचन दोन कोटी शेहेचाळीस लाखांच्या घरात. पास्कल समजून रूपांतर केलं तर २४६ बार, म्हणजे समुद्रात जवळपास अडीच किलोमीटर खोल. खिडकीबाहेर मासे दिसत नव्हते.

माहितीपत्रक नीट वाचलं. ६४ बिटांच्या सूत्रातून येणारा आकडा पूर्णांक दिसत असला तरी त्याचे शेवटचे ८ बिट अपूर्णांकाचे असतात, म्हणून २५६ ने भागायचं. त्यांचंच उदाहरण: २,४६,७४,८६७ ला २५६ ने भागलं की ९६,३८६.२ पास्कल, म्हणजे ९६३.८६२ हेक्टोपास्कल. ते उदाहरण जसंच्या तसं आमच्या तपासण्यांत घातलं. इथे २५६ हेही एक एककच म्हणायचं, फक्त त्याला कोणी नाव दिलेलं नाही.

आता गेजवरून निरपेक्षाला जाताना वातावरणीय दाब आपोआप मिळतो. सहकाऱ्याची कुरकुर थांबली.

२८ मार्च

दाखवण्याचा प्रश्न. वहीत ‘३० पीएसआय’ आहे. पडद्यावर २०६.८४२७१८७९५ किलोपास्कल येतं. ज्या काट्यावर एका पीएसआयच्या खालचं वाचताच येत नाही, त्याच्याकडून किलोपास्कलचा अब्जावा भाग वदवून घ्यायचा? पडद्यावर २०७ दाखवायचं ठरलं.

पण साठवायचं काय? २०७ साठवले तर परत पीएसआयमध्ये ३०.०२ येतात आणि पुढचा माणूस विचारतो, हे ०.०२ कुठून आले. म्हणून तीन गोष्टी साठवतोय: मूळ आकडा जसा लिहिला तसा अक्षरशः मजकूर म्हणून, त्याचं मूळ एकक, आणि पूर्ण अचूकतेचे पास्कल. मूळ आकड्याला हात लावायचा नाही. ‘३०’ आणि ‘३०.०’ यांत फरक आहे, आणि संख्या म्हणून साठवलं की तो पुसला जातो.

२ एप्रिल

पहिल्या दिवशीच्या त्या तीन रकान्यांकडे आज परत आले. मधला, १४.७ वाला, मनातून जात नव्हता. तिथे सूत्राऐवजी बऱ्याच जागी नुसती मूल्यंच चिकटवलेली आहेत, मूळ वाचन पुसलेलं. दोनेकशे ओळी.

मूल्यं क्रमाने लावली: २९.४, ४४.१, ५८.८, ७३.५, ८८.२. पुन्हा पुन्हा हेच पाच, मध्ये ८०.८५ सारखं एखादं. १४.७ ने भागल्यावर सरळ २, ३, ४, ५, ६ आणि मधलं ५.५. पीएसआयच्या गेजवर कोणी ४४.१ वाचत नाही. कोणीतरी ३ वाचलं आणि १४.७ ने गुणलं. गुणकाचा ठसा आकड्यावर उमटून राहिला होता, आणि गोल करताना दशांश ठेवल्यामुळेच तो सापडला. सगळे आकडे ४४, ५९, ८८ असे गोल केले असते तर सुगावा लागला नसता.

पण ३ काय? अ‍ॅटमॉस्फियर असेल तर १४.७ बरोबर आणि काही करायला नको. बार असेल तर आकडे १.४ टक्के फुगलेले. किलो असतील तर ३.३५ टक्के. वही काढली. त्या चाचण्यांच्या पानांवर समासात गेजचा क्रमांक आहे, सगळीकडे एकच. कपाटातून त्या क्रमांकाचा गेज काढला, तर तोच, मधलं एकक पुसलेला, ७ मार्चला ज्याच्यावर विश्वास ठेवून मी चांगला सेन्सर बिघडवला तो.

म्हणजे किलो. ८८.२ च्या जागी ८५.३ हवेत. मूळ वाचन ६ किलो असं परत बांधून काढलं, शेऱ्यात ‘१४.७ वरून मागे काढलेलं’ असं लिहिलं आणि जुनी ८८.२ ही नोंदही शेजारी ठेवली. आमच्या काही भांड्यांना ८७ पीएसआयला चाचणी उत्तीर्ण असा शेरा आहे. ८८.२ उत्तीर्ण होतं. ८५.३ होत नाही. अशा ओळी वेगळ्या काढून सरांकडे दिल्या. पुढे काय करायचं तो निर्णय माझा नाही.

सर बराच वेळ यादी बघत बसले. मग म्हणाले, “ती भांडी अजून वापरात आहेत.”

४ एप्रिल

भांड्यांची पुन्हा चाचणी सोमवारपासून, सेन्सरवर. गेजच्या काचेवर चिकटपट्टी लावून ‘किलो प्रति चौरस सेंटीमीटर’ असं पूर्ण अक्षरांत लिहिलं. व्हॅक्यूम गेज शून्य लावायला पाठवला.

आयात पूर्ण. १७ नोंदी बाजूला आहेत, त्यांत ना एकक, ना गेजचा क्रमांक. त्यांतली एक नुसती ‘४.५’ आहे आणि शेजारी बरोबरची खूण. तशीच ठेवली.